घर द्यायचं, पण कागद आधी

सासूबाईंचा अंगठा मशीन घेईना. उजवा झाला, डावा झाला. करार करायला आलेला मुलगा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, कॅमेरा आणि लाल दिव्याचं ते इवलंसं यंत्र मांडून बसला होता. त्याने ओल्या फडक्याने अंगठा पुसला, मग बोटभर व्हॅसलीन मागितलं, मग म्हणाला, "आजी, जरा दाबून धरा." एकोणऐंशी वर्षं भांडी घासून आणि पोळ्या लाटून गुळगुळीत झालेली बोटं ती, दाबून काय उमटणार? शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटावर यंत्र प्रसन्न झालं. सोफ्यावर बसलेलं नांदेडचं तरुण जोडपं चहा निवेपर्यंत हा सोहळा बघत होतं. त्यांची बोटं यंत्राने एका झटक्यात घेतली.

पुण्यात धायरीतला आमचा दोन खोल्या-स्वयंपाकघराचा फ्लॅट सासूबाईंच्या नावावर आहे, म्हणून बोट त्यांचंच लागलं. घर भाड्याने देण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आणि बहुतेक लोक टाळतात तेही हेच. "कशाला एवढं? अकराच महिन्यांचं तर आहे," हे वाक्य मी नात्यागोत्यात इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर वाद घालत नाही, फक्त विचारते, अकराच का? बारा का नाही?

त्याचं उत्तर १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवलाच पाहिजे, असं तो कायदा सांगतो. मग लोकांनी एक महिना कापला, अकरा महिने केले आणि शंभर-दोनशेच्या स्टॅम्प पेपरवर काम भागवलं. बाकीच्या देशात ही पळवाट अजून बऱ्यापैकी चालते. महाराष्ट्रात मात्र ती बंद होऊन पाव शतक झालं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ५५ ने सांगितलं की घर भाड्याने द्या किंवा लिव्ह अँड लायसन्सवर द्या, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. अकरा महिन्यांचाही. नोंदवायची जबाबदारी घरमालकावर. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पण खरी मेख शिक्षेत नाही, त्याच्या आधीच्या वाक्यात आहे. नोंदवलेला करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरायचं. ते खोटं आहे हे सिद्ध करायची पाळी मालकावर. म्हणजे तुम्ही अठरा हजार ठरवले असतील आणि तो म्हणाला बारा, तर आधी बारा. तुम्ही म्हणता अकरा महिने आणि तो म्हणतो पाच वर्षं, तर आधी पाच वर्षं. घर तुमचं, कर्जाचे हप्ते तुमचे आणि शब्द त्याचा.

आपल्याकडे भाडेकरूची भीती घरात लोणच्याच्या बरणीसारखी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली असते. "एकदा शिरला की निघत नाही." ही भीती उगाच नाही, तिला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणित भाडं ठरवताना १ सप्टेंबर १९४० या दिवशी जे भाडं होतं ते धरलं. युद्ध संपलं होतं, फाळणी झाली होती, शहरात माणसांचा लोंढा येत होता. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. पण तात्पुरता म्हणून केलेला तो कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं जगला. गिरगावातल्या, लालबागच्या खोल्यांचं भाडं तिथल्या तिथे राहिलं, मालकाने डागडुजी सोडली, जिने वाकले आणि खोलीचा खरा व्यवहार पागडीतून होऊ लागला. वैतागून लोकांनी भाड्याऐवजी लायसन्सवर घरं द्यायला सुरुवात केली, कारण लायसन्सवाल्याला भाडे कायद्याचं कवच नव्हतं. तर १९७३ मध्ये सरकारने कायद्यात दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरू करून टाकलं. ज्यांनी कागदावर विश्वास ठेवून घरं दिली होती, त्यांच्या हातात सकाळी उठून बघतात तो कायमचा भाडेकरू.

ज्यांच्या आजोबांनी हे सोसलं त्यांनी पुढे फ्लॅट घेतले आणि कुलूप लावून ठेवले. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने २०११ च्या जनगणनेतले आकडे मांडले तेव्हा एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी असल्याचं दिसलं. सगळी भीतीपोटी रिकामी होती असं नाही. काही गुंतवणुकीची, काही वादातली, काही बिल्डरकडे पडलेली. पण भीतीचा वाटा मोठा, हे कुठल्याही सोसायटीत चार मजले चढून कुलपं मोजली तरी कळतं.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही गोठवलेल्या भाड्याची तरतूद आता न्याय्य राहिलेली नाही. त्यानंतर नवा कायदा आला. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण त्याने ठेवलं, त्यांच्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, पागडीलाही उघड मान्यता दिली. आणि लायसन्सवर घर देणाऱ्या मालकाच्या हातात एक किल्ली दिली: कलम २४.

ती किल्ली समजायची तर आधी शब्द नीट लावले पाहिजेत. आपण सगळ्यांनाच "भाडेकरू" म्हणतो. नांदेडच्या जोडप्यालाही मी तेच म्हणते, इथेही तेच म्हणणार आहे. कायद्याच्या नजरेत मात्र भाडेकरूला त्या जागेत हक्क मिळतो, तर लायसन्सवाल्याला फक्त वापरायची परवानगी. शेजाऱ्याला आपल्या अंगणात गाडी लावू देतो तसं. गाडी त्याची, अंगण आपलंच. परवानगीची मुदत संपली की त्याने जागा रिकामी करायची. नाही केली तर मालकाने दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं दावा लढायचा नाही, तर या कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. प्राधिकाऱ्याने बघायचं ते मुख्यतः एवढंच की लायसन्सची मुदत संपली का. संपली असेल तर जागा खाली करण्याचा आदेश. करारात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा तो लेखी करारच. राहणाऱ्याला आपली बाजू मांडायची असेल तर आधी तीस दिवसांत शपथपत्र देऊन तशी परवानगी मागावी लागते. आणि मुदत संपल्यापासून जागा सोडेपर्यंत ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई. अठराचे छत्तीस.

यात दोन बारकावे आहेत. ही सोय राहत्या घरापुरती आहे. दुकानाचा गाळा लायसन्सवर दिला असेल तर हा जवळचा रस्ता नाही, साध्या कोर्टाचीच पायरी. माझ्या दिराने गाळा देताना घराच्या कराराचाच नमुना वापरला आणि वर्षभर निर्धास्त राहिला. पुढे त्याला हे कळलं तेव्हाचा त्याचा चेहरा मला आठवतो. दुसरं म्हणजे कलम २४ हे मुदत संपण्याबद्दल बोलतं. मधेच भाडं थकलं, मधेच भांडण झालं, तर करारातल्या नोटिशीच्या कलमावर सगळं अवलंबून. म्हणून ते कलम वाचूनच सही करावी. एजंटच्या छापील मजकुरात कधी मालकाला एक महिन्याची नोटीस असते आणि राहणाऱ्याला तीन महिन्यांची, कधी बरोबर उलटं.

खर्चाचं म्हणाल तर तो बाजारातल्या आठवड्याच्या भाजीएवढा. मुद्रांक शुल्क पाव टक्का, पण कशावर ते बघा: सगळ्या मुदतीचं भाडं, अधिक परत न मिळणारी काही रक्कम असेल तर ती, अधिक अनामत रकमेवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज. आमच्या फ्लॅटचं भाडं १८ हजार, अनामत ५४ हजार. अकरा महिन्यांचे १ लाख ९८ हजार, त्यात अनामतीचं धरलेलं व्याज ४ हजार ९५०. त्याचा पाव टक्का म्हणजे साधारण ५१० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार. मुलाने घरी येऊन यंत्र लावण्याचे त्याचे पैसे वेगळे घेतले, तेवढं चालायचंच. हाच करार तीन वर्षांचा केला असता, तर त्याच भाड्याने शुल्क साडेसोळाशेच्या आसपास झालं असतं, पण नोंदणी फी एकदाच, मुलाची फेरी एकदाच आणि सासूबाईंचं व्हॅसलीनही एकदाच. पाच वर्षांपर्यंतच्या लायसन्सला हाच दर चालतो. दरवर्षी भाडं किती टक्के वाढणार ते करारातच लिहायचं, म्हणजे पुन्हा घासाघीस नाही.

हे सगळं मला ठाऊक असूनही मी एकदा सपशेल आपटले आहे.

नांदेडकरांच्या आधीचे गृहस्थ सज्जन होते. नोकरी चांगली, बोलणं गोड, दर पाच तारखेला पैसे खात्यात. करार नोंदवलेला, अकरा महिन्यांचा, मे महिन्यात संपला. मी विसरले. ते विसरले नसावेत. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर भाडं येत राहिलं, मी घेत राहिले. गणपतीनंतर भाडं वाढवायचं म्हणून फोन केला, तर ते शांतपणे म्हणाले, "ताई, आपलं तर पाच वर्षांचं ठरलं होतं ना?" त्या "ना"मध्ये काय काय होतं, हे मला वकिलाकडे गेल्यावर कळलं.

वकीलबाई आधी रागावल्या. मुदत संपल्यावरही भाडं घेत राहिलात म्हणजे तुम्ही परवानगी पुढे चालू ठेवलीत, असं म्हणायला तुम्हीच त्यांना जागा करून दिलीत. आता नवा नोंदवलेला कागद नाही, म्हणजे अटी कोणत्या, तर ते म्हणतील त्या. जुना करार नोंदवलेला होता ही जमेची बाजू. त्याच्या जोरावर मुदत संपली, जागा रिकामी करा, मेनंतरची भरपाई दुप्पट दराने धरू, अशी नोटीस गेली. इतका गोड माणूस तीन आठवड्यांत निघून गेला. भरपाई मागायला मी गेले नाही, तेवढं बळ नव्हतं. जाताना ते बाथरूममधला गीझर काढून घेऊन गेले. तो त्यांचा होता की आमचा, याचा कागद दोघांकडेही नव्हता.

त्या तीन आठवड्यांत मला दोनदा मोह झाला होता. एकदा पाण्याची मोटर बंद करावी असं वाटलं, एकदा ते ऑफिसला गेलेले असताना कुलूप बदलावं असं. दोन्ही करू नका. पाणी-वीज तोडणं भाडे कायद्यात गुन्हा आहे. आणि कायद्याचा मार्ग सोडून कोणाला बाहेर काढलं, तर तो सहा महिन्यांच्या आत दावा करून पुन्हा आत येऊ शकतो; तेव्हा कोर्ट मालकी कोणाची हे विचारत बसत नाही. आपला रस्ता सरळ असताना आडरस्त्याने गेलं की आपणच आरोपी.

सोसायटीचा भाग मी भराभर सांगते, कारण तिथे कायदा सोपा आणि माणसं अवघड. फ्लॅट भाड्याने दिल्याचं सोसायटीला कळवावं लागतं, कराराची प्रत द्यावी लागते. त्याबद्दल सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण किती? १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. इथे लोक फसतात. मेंटेनन्सच्या बिलात मालमत्ताकर, पाणी, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी असं बरंच काही असतं. सेवाशुल्क म्हणजे त्यातला वॉचमन, सफाई, लिफ्ट, कार्यालय असा भाग. बिल तीन हजारांचं आणि त्यात सेवाशुल्क दीड हजाराचं, तर बिनभोगवट्याचे दीडशे. "आमच्या सोसायटीत भाडेकरूवाल्यांना महिना हजार" असा ठराव सर्वसाधारण सभेत हात वर करून झाला असला तरी तो आदेशापुढे टिकत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही हा आदेश वैध ठरवला आहे. फ्लॅटमध्ये आई-वडील, भावंडं, मुलगा, मुलगी असं जवळचं माणूस राहत असेल तर हे शुल्क लागतच नाही. बॅचलर नको, अमुक धर्माचे नको, मांसाहारी नको, असे फतवे काढणाऱ्या समित्यांबद्दल मला बरंच म्हणायचं आहे, पण ते वेगळ्या लेखात. इतकंच सांगते, लिफ्टमध्ये कुजबुजण्याखेरीज त्यांच्या हातात फारसं काही नसतं.

पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवायची हे मात्र टाळू नका. आपल्या मोठ्या शहरांत पोलीस आयुक्त तसा आदेश काढतात, तो मोडला तर गुन्हा मालकावर दाखल होतो, राहणाऱ्यावर नाही. पुण्यात हे काम ऑनलाइन होतं. आधारची प्रत, फोटो, मूळ गावचा पत्ता, ओळखीच्या दोघांचे नंबर. पंधरा मिनिटं लागतात. पोचपावती छापून कराराच्या फाइलला लावून ठेवा.

आता पैशाचं. "एक फ्लॅट घेऊन ठेवायचा, भाड्यावर म्हातारपण निघतं," असं आमच्याकडे हळदीकुंकवालासुद्धा बोललं जातं. धायरीचा फ्लॅट आज विकला तर साठ लाख यावेत. भाडं वर्षाला २ लाख १६ हजार, म्हणजे ३.६ टक्के. इथपर्यंत सगळे हिशोब करतात. पुढचा कोणी करत नाही. भाडेकरू बदलताना महिनाभर घर रिकामं राहिलं, १८ हजार गेले. मेंटेनन्स अडीच हजारांनी वर्षाचे ३० हजार. मालमत्ताकर १४ हजार; पुण्यात मालक स्वतः राहत असला तर त्याला करआकारणीत ४० टक्के सवलत मिळते, भाड्याने दिलं की ती जाते, हे नवीन मालकांना पहिलं बिल आल्यावर कळतं. दलालाला एक महिन्याचं भाडं, १८ हजार. रंगाचा हात, बिघडलेला नळ, सडलेलं दाराचं खालचं फळकूट मिळून १६ हजार धरा. उरले १ लाख २० हजार. साठ लाखांवर बरोबर २ टक्के. याहून बँकेची साधी मुदतठेव बरी. घराची किंमत वाढते, हे खरंच. पण ती वाढ विकल्याशिवाय हातात येत नाही आणि आपल्याकडे घर विकणं म्हणजे मंगळसूत्र विकण्यासारखं मानलं जातं.

कर्ज काढून भाड्यासाठी घर घेणाऱ्यांनी तर पेन्सिल आणखी तासून बसावं. ४८ लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के, तर हप्ता सुमारे ४१ हजार ६५०. त्यात पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच ३४ हजार. भाडं अठरा. "भाड्यातून हप्ता सुटतो" हे वाक्य बोलणारा एकतर खूप जुनं घर घेऊन बसलाय किंवा फ्लॅट विकायला बसलाय.

प्राप्तिकराची रचना घरमालकाला तशी दयाळू आहे. आलेल्या भाड्यातून भरलेला मालमत्ताकर वजा करायचा आणि उरलेल्यातून सरसकट ३० टक्के सूट, खर्च झाला असो वा नसो. वरच्या उदाहरणात १ लाख ९८ हजारांतून १४ हजार गेले, १ लाख ८४ हजार. त्यातून ३० टक्के गेले, उरले १ लाख २८ हजार ८००. यावर कर. मेंटेनन्स, दलाली, रंग यांच्या पावत्या जपून ठेवल्या तरी त्या ३० टक्क्यांतच आल्या असं कायदा समजतो. भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचं व्याजही वजा होतं. जुन्या करप्रणालीत भाड्यापेक्षा व्याज जास्त असेल, तर तो तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो. नव्या प्रणालीत पगाराला तो लागू होत नाही. नवी प्रणाली घेणाऱ्या आजच्या नोकरदारांचं हे गणित बदललंय आणि बरेच जण अजून वडिलांच्या काळातल्या गणितावर फ्लॅट घेतायत. स्वतःच्या वापराची म्हणून दोन घरं शून्य उत्पन्नाची धरता येतात. तिसरं कुलूप लावून ठेवलं तरी त्याचं भाडं आलं असं मानून कर लागतो.

महिना पन्नास हजारांवर भाडं असेल तर राहणाऱ्याने २ टक्के कर कापून भरायचा. १ ऑक्टोबर २०२४ च्या आधी तो ५ टक्के होता. आपल्यापैकी फार थोड्यांचा इथे संबंध येतो. पण मालक परदेशात असेल तर मामला एकदम वेगळा. कोथरूड-डोंबिवलीतले कितीतरी फ्लॅट न्यू जर्सीतल्या नाहीतर दुबईतल्या मुलांच्या नावावर आहेत आणि किल्ल्या इथल्या आई-बाबांकडे. मालक अनिवासी असला की भाडं दहा हजार असो नाहीतर लाख, राहणाऱ्याने त्यातून ३१.२ टक्के कर कापून भरायचा असतो, त्यासाठी स्वतःचा कर-कपात क्रमांक काढायचा असतो. हे बिचाऱ्या भाडेकरूला माहीत नसतं, मालकाला सांगायचं नसतं. मुलाच्या नावचं घर वडिलांनी स्वतःचं म्हणून भाड्याने द्यावं आणि पैसेही स्वतःच्या खात्यात घ्यावेत, हा घरगुती उपाय पुढे दोघांच्याही विवरणपत्रांत अडकतो. त्यापेक्षा मुलाने तिकडे कुलमुखत्यारपत्र करून पाठवावं, ते इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं आणि मग वडिलांनी मुखत्यार म्हणून बोट लावावं. मालक म्हणून नाव मुलाचंच.

कागदाचं एवढं झालं. उरलं ते सिमेंट आणि पाणी.

फ्लॅटचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे बाथरूमचा कोबा. वरच्या मजल्यावरचं पाणी खालच्याच्या छतावर पोपडे काढतं, खालचे काका समितीत असतात आणि रविवारी सकाळी आठला फोन येतो. गळती दुरुस्त करायची कोणी? भिंतीतली पाइप, कोबा, वॉटरप्रूफिंग हे मालकाचं. नळाचा वॉशर, तुंबलेली जाळी, फुटलेलं झाकण हे राहणाऱ्याचं, असा साधा नियम मी करारात लिहून टाकते. मराठीत, दोन ओळींत. त्याच्या खाली एक आकडा लिहिते: हजार रुपयांच्या आतली दुरुस्ती राहणाऱ्याने करावी, वरची आधी कळवून मालकाने. या आकड्याने वाचवलेली भांडणं मोजता येणार नाहीत.

अनामतीची भांडणं बहुतेक रंगावरून होतात. दोन वर्षं माणूस घरात राहिला की भिंतीला त्याची पाठ लागणारच. खिळ्यांची भोकं, सोफ्यामागचा तेलकट डाग, मुलाने पट्टीने मोजून रंगवलेला हत्ती. यातलं रोजच्या वापरातलं काय आणि नुकसान काय, हे नंतर ठरवायला बसलं की दोघंही न्यायाधीश होतात. पुण्यात एक महिन्याचं भाडं रंगासाठी कापायची चाल आहे. कापणार असाल तर ते आधीच लिहा. अनामत किती घ्यायची याला महाराष्ट्रात ठाम मर्यादा नाही. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे, पण घरभाडं हा राज्यांचा विषय असल्याने तो कायदा ज्या राज्याने स्वीकारला तिथेच चालतो. मी तीन महिने घेते. किल्ल्या परत आल्या त्या दिवशी, त्याच टेबलावर परत देते.

आणि यादी. गीझर गेल्यापासून माझ्या यादीला जे स्वरूप आलंय त्याला घरात सगळे हसतात. पंखे चार, कंपनीच्या नावासकट. ट्यूब सहा, त्यातली एक लुकलुकते. मोरीतला नळ थोडा ठिबकतो. महावितरणच्या मीटरवरचा त्या दिवशीचा आकडा, त्याचा फोटो, गॅसच्या मीटरचा फोटो. प्रत्येक खोलीचा एक मिनिटाचा व्हिडिओ, दारापासून खिडकीपर्यंत, आणि तो त्याच वेळी दोघांच्या फोनवर. वीजबिल मालकाच्या नावावर राहतं; माणूस गेला आणि बिल मागे राहिलं तर महावितरण त्याला नाही, तुम्हाला शोधत येते. त्यामुळे जाण्याच्या दिवशीचा मीटरचा फोटो हा निरोपाचा फोटो समजावा.

अंगठ्यांनंतर दोन दिवसांनी नांदेडचं जोडपं सामान घेऊन आलं. नवरा टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत होता, तेवढ्यात ती मुलगी माझी दोन पानी यादी घेऊन खोल्यांतून फिरली. प्रत्येक ओळीपुढे पेनने बारीक टिक करत. ट्यूब मोजल्या, लुकलुकणारी बघितली, हसली. मग बाथरूममधून हाक आली, "काकू, यादीत गीझर एक असं लिहिलंय. इथे तर नुसता पाइप आहे."

मी यादी जुन्या फाइलवरून उतरवली होती. मी ती ओळ खोडली, शेजारी आम्ही दोघींनी सह्या केल्या, तारीख टाकली आणि मी गीझर आणायला खाली उतरले. बसवून झाल्यावर ती ओळ पुन्हा लिहिली.